तीनशे सतरा नंबरची कवळी

साचा हातात घेतला मात्र, मेकॅनिकची जीभ आपोआप टाळूला जाऊन टेकली.

त्याच्या टाळूच्या मधोमध हाडाचा एक उंचवटा होता. बदामाएवढा, मधून चिरलेला, डावी फाक उजवीपेक्षा मोठी, आणि मागच्या अंगाला मण्याएवढं आणखी एक टेंगूळ. असे उंचवटे पुष्कळांना असतात. दात शाबूत आहेत तोवर आपल्या तोंडात असं काही आहे याचा बहुतेकांना पत्ताही नसतो. दातांच्या कवळ्या करण्यात मेकॅनिकची छत्तीस वर्षं गेली होती आणि असे उंचवटे त्याने शेकड्यांनी पाहिले होते. त्यांत काही नुसते गोल, काही लांबट. पण या प्लॅस्टरच्या साच्यात बदाम होता, चीर होती, डावी फाक मोठी होती आणि मागे तो मणीही होता.

त्याने स्टूल ओढलं आणि वरच्या फळीवरच्या डबड्यांमागून एक पिवळा पडलेला साचा खाली काढला. हा त्याचा स्वतःचा. काम शिकायला लागला तेव्हा सगळ्यांनी आपापल्या तोंडाचा साचा आधी काढायचा अशी पद्धत होती. धूळ फुंकून त्याने दोन्ही साचे शेजारी शेजारी ठेवले. नव्या साच्यातला बदाम जरा थोराड होता, पण वय वाढतं तसं हे हाडही वाढतं. बाकी फरक शोधूनही सापडेना.

साच्याला दोऱ्याने चिठ्ठी बांधली होती. ‘३१७. पु. वय ८१. वर-खाली दोन्ही.’ एवढंच. दवाखान्यातून येणाऱ्या चिठ्ठीवर नाव कधीच नसायचं. मेकॅनिकला माणसं ठाऊक नव्हती, तोंडं ठाऊक होती. रस्त्यात कोणी तोंडभर हसत निघालं तर ते आपलंच काम आहे की देवाचं, हे त्याला ओळखता यायचं नाही आणि ते विचारायचीही सोय नव्हती. डॉक्टरांच्या पाटीवर पदव्यांची रांग असते. कवळीवर मात्र ती करणाऱ्याचं नाव कोणी घालत नाही. याबद्दल त्याची तक्रार नव्हती. उलट, त्याला ते बरंच वाटायचं.

पण वय एक्क्याऐंशी. जिवंत असतील, तर त्याचे वडील याच साली एक्क्याऐंशीचे झाले असणार.

सात वर्षांचा असताना एकदा वडिलांनी त्याला मांडीवर घेऊन, आ वासून, त्याचं बोट स्वतःच्या टाळूला लावलं होतं. “लागलं? आता तुझ्या टाळूला लाव. आहे ना? आपल्या घराण्याची खूण आहे ही. माझ्या बापालाही होती.” मग दोघं जीभ टाळूला लावून बोबडं बोलत बसले होते आणि आई दोघांनाही वेड्यात काढत होती. वडील हसले की त्यांच्या समोरच्या दोन दातांमधली फट दिसायची.

पुढे चार वर्षांनी, दुपारचं जेवण झाल्यावर, वडील उठले, चपला घातल्या, “येतो गं” म्हणाले आणि गेले. महिन्याभराने दोन ओळींचं पत्र आलं. मी बरा आहे, शोधू नका.

आईने शोधलं नाही. तिला फार नवलही वाटलं नाही, कारण आजोबाही असेच गेले होते. वडील नऊ वर्षांचे असताना, असंच भर दुपारी. “त्यांच्या रक्तातच आहे ते,” आई म्हणायची. “माणूस वाईट नव्हता. पण रक्तच तसलं, त्याला तो तरी काय करणार?” हे एक वाक्य धरून ती बाई पुढची एक्केचाळीस वर्षं जगली. त्या वाक्यामुळे तिला नवऱ्याचा राग करावा लागला नाही. आणि त्यापेक्षाही मोठं म्हणजे, आपल्यात काय कमी होतं, हा प्रश्न तिला स्वतःला विचारावा लागला नाही.

मुलाला मात्र त्या वाक्याने आयुष्यभर नीट झोपू दिलं नाही. आजोबा गेले, वडील गेले, आता पाळी कोणाची ते उघडच होतं. मावश्या-आत्या त्याच्याकडे दुधावर ठेवलेल्या मांजराकडे बघावं तशा बघायच्या. त्याच्या लग्नात सासऱ्यांनी हसत हसत विचारलं होतं, “जावईबापू, चपला कुठं काढल्यात? बांधून ठेवू का?” मांडवात सगळे हसले, तोही हसला. पण ती रात्र त्याने कूस बदलत काढली.

घरातून निघून दोनशे पावलांवर एक कोपरा होता. डावीकडे वळलं की त्याची कामाची खोली, उजवीकडे वळलं की बसस्थानक. रोज सकाळी त्या कोपऱ्यावर तो क्षणभर थांबायचा आणि मनात म्हणायचा, ‘आज नाही.’ मग डावीकडे वळायचा. एकतीस वर्षं. आजारपण आणि सुट्टीचे दिवस सोडले तर एकही खाडा नाही. हे त्याने कधी कोणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं त्यात दिसतं तरी काय?

एकदाच तो उजवीकडे वळला होता. त्याचं वय चौतीस, म्हणजे वडील गेले तेव्हाचंच. काही भांडण नव्हतं, काही नव्हतं. तिकीट काढलं, खिडकीची जागा धरली, आणि बस सुरू झाल्यावर तो ओरडून खाली उतरला. त्या दिवशी कामावर अर्धा तास उशीर झाला, बस. त्यानंतर त्याने मनाशी एक वाटणी करून टाकली होती. बसमध्ये चढलं ते रक्त, खाली उतरलो तो मी. आयुष्यात खास आपली अशी एकच गोष्ट त्याच्याकडे होती, आणि ती म्हणजे हे उतरणं.

म्हणून आता, समोर तो साचा घेऊन बसल्यावर, त्याने चिठ्ठीवरचं वय पुन्हा एकदा वाचलं. भेटावं, रडावं, भांडावं असलं काही त्याच्या मनात नव्हतं. त्याला एवढंच विचारायचं होतं, की तुम्हाला थांबता आलं असतं का?

त्याने काम सुरू केलं. मेणाच्या पट्टीत दात बसवायचे, मग ती मेणाची कवळी दवाखान्यात जाते, डॉक्टर ती पेशंटच्या तोंडात लावून बघतात आणि सगळं जुळलं तरच पुढे पक्की होते. वयाला शोभतील असे जरा पिवळसर दात त्याने निवडले. मागच्या दाढा बसवल्या, सुळे बसवले, शेवटी समोरचे दोन. दिव्यावर सुरी तापवून कडेचं मेण सारखं केलं आणि कवळी उजेडाकडे धरली. मेणातून वडील त्याच्याकडे बघून हसत होते. समोरच्या दोन दातांत त्याने फट ठेवली होती.

चिठ्ठीत लिहिल्याशिवाय अशी फट कोणी ठेवत नाही. नवशिकाही ठेवणार नाही. त्याने ती बुजवायला सुरी पुन्हा तापवली. आणि ती तशीच गार होऊ दिली.

तिसऱ्या दिवशी दवाखान्यातून फोन आला. डॉक्टरीणबाई वयाने त्याला मुलीसारखी, पण बोलायला पक्की.

“काका, तब्येत बरी आहे ना?”

“का हो?”

“तीनशे सतराला फट कोणी सांगितली? मी तर काही लिहिलं नव्हतं. आणि गंमत ऐका, त्यांची मुलगी म्हणते, बाबांचे दात अगदी असेच होते. आजोबा तर आरसा सोडायला तयार नाहीत. कोणी केलंय, त्याला बोलवा म्हणतायत. शिवाय दात मिटताना चावा जरा पुढे येतोय, तोही तुम्ही डोळ्यांनी बघितलात तर बरं. येता का आत्ता?”

तो गेला. हात धुवायचंही राहिलं. नखांत प्लॅस्टर तसंच होतं.

खुर्चीवर बसलेला म्हातारा अंगाने अगदी वाळला होता. मेकॅनिकने मनात जपलेला माणूस उंचापुरा, आवाजाने खोली भरून टाकणारा होता. त्यातलं इथे काहीच उरलं नव्हतं. पण तोंडात मेणाची कवळी होती आणि म्हाताऱ्याने त्याच्याकडे बघून ओठ उघडले. बाकीचं ओळखायची गरजच पडली नाही.

शेजारी उभी असलेली मुलगी चाळिशी ओलांडलेली, गोल चेहऱ्याची आणि बडबडी होती. “तुम्हीच का ते? कमाल आहे बाई तुमची! मी लहान असताना बाबा असेच दिसायचे. मग पुढचे दात गेले आणि ते हसायचेच बंद झाले. कसं कळलं हो तुम्हाला?”

“अंदाज,” मेकॅनिक म्हणाला. “हाडावरून येतो कधीकधी.”

हाडावरून तसलं काही कळत नाही, हे डॉक्टरीणबाईला पक्कं ठाऊक होतं. तिने भुवया उंचावल्या, पण चारचौघांत त्याला उघडं पाडलं नाही.

“आजोबा, नेहमीसारखं चावा बरं,” ती म्हणाली. म्हाताऱ्याने जबडा पुढे काढला. चावा म्हटलं की सगळे असंच करतात. मुद्दाम चावायला गेलं की जबडा भलतीकडेच जातो, म्हणून पेशंटला बोलण्यात गुंतवायचं आणि तो बेसावध असताना जबडा कुठे मिटतो ते बघायचं, अशी या धंद्यातली रीत आहे. “काका, तुम्ही जरा बोला यांच्याशी. मी पलीकडची पेशंट बघून येते,” असं म्हणून डॉक्टरीणबाई आत गेली.

बोलायला लागली ती मुलगी. “बाबांना इथवर आणणं म्हणजे दिव्य होतं बघा! आम्ही शहराच्या पार त्या टोकाला. तिथला दवाखाना बंद पडला म्हणून यावं लागलं. नाहीतर हे घर सोडून कुठं जातील? छे! माझ्या लग्नात हॉलवर राहायचं होतं, तर हे रात्री आपले घरी हजर. आई चिडवायची, तुम्हाला घराला बांधून ठेवलंय का म्हणून. चव्वेचाळीस वर्षं एका घरात, आणि एक रात्र बाहेर काढली नाही माणसाने!”

मेकॅनिक टेबलाचा काठ धरून उभा होता. शहराचं ते टोक म्हणजे बसने पाऊण तास. आणि चव्वेचाळीस वर्षं, एक रात्र बाहेर नाही.

“बाबा, पाणी हवंय? थांबा, बाहेरून बाटली घेऊन येते,” असं म्हणून मुलगी गेली.

खोलीत दोघंच उरले. म्हाताऱ्याने वरची कवळी काढून तळहातावर घेतली आणि फटीकडे बघत राहिला.

“हे तू अंदाजाने नाही केलंस,” तो म्हणाला. दात नसल्याने शब्द मऊ येत होते, पण आवाज तोच होता.

“नाही.”

“आई?”

“सहा वर्षं झाली.”

“हं.” म्हाताऱ्याने मान हलवली. मग म्हणाला, “काय म्हणायची?”

“तुमच्या रक्तातच होतं म्हणायची. आजोबांसारखं. तुमचा दोष नाही म्हणायची.”

“भली बाई होती.”

मेकॅनिकला वाटलं, आता नाही विचारलं तर संपलं. बाहेर मुलीचं कोणाशी तरी बोलणं ऐकू येत होतं. “मला एकच सांगा,” तो म्हणाला, आणि आवाज इतका चढा निघाला की तो स्वतःच दचकला. “तुम्हाला राहता आलं असतं का?”

म्हाताऱ्याने त्याच्याकडे पाहिलं. त्या नजरेत लाज नव्हती, माफी नव्हती, राग तर नव्हताच. उगाच एखाद्याला खोटं का सांगा, एवढाच काय तो भाव होता.

“राहता न यायला काय झालं? पुढे या घरात राहिलोच की. मला तिथं राहायचं नव्हतं. तिचं काही चुकलं नाही, तुझंही नाही. नव्हतं राहायचं.” त्याने फटीवरून अंगठा फिरवला. “माझ्या बापाचं मला माहीत नाही. तो का गेला ते त्याला ठाऊक. मी माझा गेलो. रक्तबिक्त काही नाही.”

छत्तीस वर्षांच्या सवयीने मेकॅनिकची नजर म्हाताऱ्याच्या जबड्यावर होती. बोलणं थांबल्यावर जबडा कुठे मिटला ते त्याने नेमकं पाहिलं. एका दाण्याएवढा मागे. चावा सापडला होता.

मुलगी पाण्याची बाटली घेऊन आली, पाठोपाठ डॉक्टरीणबाई. म्हाताऱ्याने कवळी डॉक्टरीणबाईच्या हातात दिली.

“ही फट बुजवा,” तो म्हणाला.

“अहो बाबा, का? किती छान दिसतंय!”

“नको. बुजवा.”

“आजोबा, पुन्हा एकदा विचार करा हं,” डॉक्टरीणबाई म्हणाली.

“केला विचार,” म्हातारा म्हणाला आणि खुर्चीवरून उतरायला त्याने हात पुढे केला. मेकॅनिक जवळ होता. पण हात मुलीने धरला.

परत येताना मेकॅनिकच्या डोक्यात काहीच नीट बसेना. आयुष्यभर त्याला वाटत आलं होतं, की रक्ताला न जुमानता माणसाला वागता येतं असं कोणीतरी एकदा छातीठोकपणे सांगावं. मग आपण उतरलो ते खरंच आपण उतरलो, असं म्हणता येईल. आज तसं सांगणारा भेटला. आणि तो भेटल्यामुळेच आईचं एक्केचाळीस वर्षांचं वाक्य पालथं पडलं. रक्त म्हणावं तर वडील निर्दोष, पण मग आपलं रोजचं डावीकडे वळणंही कुठल्या तरी रक्ताचंच. रक्त नाही म्हणावं तर वळणं आपलं. पण मग वडिलांनी आई आणि तो, दोघांनाही नीट बघून, समजून, नको म्हटलं होतं. यातलं एक घ्यायचं तर दुसरं गळ्यात पडत होतं. कुठलंच नको म्हणायची सोय नव्हती. ती बसही आता त्याच्याच गळ्यात आली. चढलोही आपणच.

दुपारी जेवायला घरी गेला तेव्हा त्याने बायकोसमोर विषय काढला. वडिलांचं नाही.

“एक सांगू? मी रोज कोपऱ्यावर थांबतो.”

“कुठल्या कोपऱ्यावर? पानवाल्याच्या?” बायकोने ताटात भाजी वाढली. “तंबाखू पुन्हा सुरू केलीत की काय?”

“तंबाखू नाही गं. थांबतो आणि ठरवतो. जायचं नाही म्हणून.”

“कुठं जायचं नाही?”

“निघून. घर सोडून. बाबांसारखं.”

बायको वाढता वाढता थांबली आणि मग मनापासून हसायला लागली. पदराने डोळे पुसले तिने. “तुम्ही? अहो, माहेरच्या लग्नाला तुम्हाला न्यायचं तर मला आठ दिवस आधीपासून मस्का लावावा लागतो. दोन दिवस झाले की घर, घर करता. तुम्ही घरकोंबडे! तुमचा स्वभावच नाही तो.”

“स्वभाव नाही, मी ठरवत होतो.”

“बरं, ठरवत होता. आता जेवा, गार होतंय.” तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला. तो हात इतक्या मायेचा होता, की त्याने ताट पुढे ओढलं. एकतीस वर्षं रोज जे जिंकलं ते बघायला कोणीच नव्हतं. जी एक साक्षीदार होती तिला तो सामना झाल्याचंच माहीत नव्हतं. न केलेली गोष्ट माणूस दाखवणार तरी कशी? तो जेवला.

संध्याकाळपर्यंत त्याने फट बुजवली. दोन्ही दात मिळून आले, चावा दाण्याएवढा मागे घेतला, आणि मेणातल्या हसण्याचा कोणाचाच चेहरा राहिला नाही. कुठल्याही एक्क्याऐंशी वर्षांच्या माणसाचे असू शकतील असे ते दात झाले.

दुसऱ्या दिवशी पक्कं काम. साचा आणि मेण पितळी डबीत प्लॅस्टरने बंद करायचं, उकळत्या पाण्याने मेण काढून टाकायचं, आणि त्या पोकळीत हिरडीच्या रंगाचा गुलाबी मसाला दाबून भरायचा. त्याआधी आणखी एक गोष्ट करावी लागते. टाळूला असा उंचवटा असेल तर साच्यावर तेवढ्या जागी कथलाच्या पातळ पत्र्याचा तुकडा चिकटवतात. त्यामुळे कवळीला आतून हलकासा खळगा पडतो आणि ती हाडावर टेकत नाही. पत्रा लावला नाही तर कवळी खड्यावर ठेवलेल्या थाळीसारखी डुगडुगते. प्रत्येक घासाला हाडावरची नाजूक कातडी चेचली जाते. डॉक्टर घासघासून थकतात, पेशंट कण्हून थकतो, आणि कारण सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. विचारलंच कोणी, तर ‘विसरलो’ एवढं म्हटलं की भागतं.

मेण वितळून गेल्यावर साच्यातला बदाम स्वच्छ उघडा पडला. मेकॅनिक त्याच्याकडे बघत राहिला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याच्या हातात काहीतरी आलं होतं. रोज दोन वेळा, मरेपर्यंत, त्या म्हाताऱ्याला घासागणिक आठवण राहील अशी सोय तो करू शकत होता. किंवा करायची नाही असं ठरवू शकत होता. जे काय असेल ते नीट, समजून ठरवायचं म्हणून तो उठला, स्पिरिटच्या दिव्यावर चहा ठेवला, खिडकीपाशी उभं राहून तो प्यायला, आणि परत येऊन बसला.

साच्यावर पत्रा लागलेला होता.

बदामाच्या आकाराला बेतशीर कापलेला, अंगठ्याने दाबून बसवलेला, कडा घासून साफ केलेल्या. चहाला उठायच्या आधी, तो विचार करत असताना, हात आपलं काम करून मोकळे झाले होते. छत्तीस वर्षांची सवय. त्याला कोणी विचारलंच नव्हतं.

त्याने नखाने पत्रा उचकटला. तो चुरगळला, म्हणून नवीन तुकडा कापून समोर ठेवला. दोन्ही हात मांडीखाली दाबले, शाळेत मार खायच्या आधी दाबावेत तसे. लावायचा, तर लावणारा कोण? काम शिकवणाऱ्याचा धाक? आईचं वळण? बापावर अजून उरलेली माया? नाही लावायचा, तर तो तरी कोण, टाळूवरचा बदाम? प्रत्येक उत्तरात कोणी ना कोणी आधीच येऊन बसलेलं होतं. आपली बसायची जागा कुठे आहे हे काही त्याला दिसेना. घड्याळात पाऊण तास गेला. कालवून ठेवलेला मसाला घट्ट व्हायला लागला. आणखी थांबलं असतं तर तो फेकून द्यावा लागला असता.

“मी लावतोय,” रिकाम्या खोलीत तो मोठ्याने म्हणाला आणि स्वतःच ओशाळला. मग पत्रा उचलला आणि लावला. पहिल्यासारखाच बसला, केसाचाही फरक नाही. कोणी दोन्ही शेजारी ठेवून विचारलं असतं, यातला तुझा कुठला, तर त्यालाही सांगता आलं नसतं.

उकळत्या पाण्यात कवळी शिजली, गार झाली. डबी उघडताना साचा नेहमीप्रमाणे फुटला. तो फोडल्याशिवाय कवळी निघतच नाही. तुकडे त्याने बादलीत टाकले. कडा घासल्या, बाहेरून चकाकी आणली, आतली बाजू मात्र बोटाने तीनदा चाचपून पाहिली. कुठे एक टोकसुद्धा लागत नव्हतं. मग चिठ्ठी बांधून कवळी दवाखान्यात पाठवून दिली.

नवी कवळी आठ दिवसांत एकदा तरी परत येते. इथे टोचते, तिथे घासते, बोलताना शिट्टी वाजते. पेशंट येतो, डॉक्टर खूण करतात, आणि कवळी मेकॅनिककडे येते. त्याने त्या आठ दिवसांत दवाखान्यातून आलेली प्रत्येक पिशवी स्वतः उघडली. नंतरच्या आठ दिवसांतही. मग एका दुपारी नवे साचे आणायच्या निमित्ताने तो स्वतःच दवाखान्यात गेला.

“ते आजोबा आले होते का हो?” त्याने विचारलं. “फट बुजवलेले. काही टोचतंय, डुगडुगतंय म्हणून?”

डॉक्टरीणबाई हात धूत होती. “ते? अहो, एकदाही नाही. मीच फोन केला होता काल, तर मुलगी म्हणाली, कवळी तोंडात आहे हेच बाबा विसरून जातात. म्हणजे फर्स्ट क्लास बसली काका! आता कशाला येतील ते?”

“हो,” मेकॅनिक म्हणाला. “आता कशाला येतील.”

पिशवीत चार साचे होते. एकमेकांवर आपटून टवके उडू नयेत म्हणून त्याने ती दोन्ही हातांनी पोटाशी धरली आणि एकेक पायरी बघत जिना उतरला.